कौन्सिलनानांची बिनमताची माणसं

निवडून आलेल्यांची नावं मला विचारू नका, एकाचंही धड आठवायचं नाही. पडलेले नाना मात्र अजून डोळ्यांसमोर आहेत. लोकल बोर्ड असो की कौन्सिल असो, निवडणूक लागली की नाना उभे, आणि नाना उभे म्हणजे नाना पडले, हे इतकं ठरलेलं होतं की निकालाची कुणी वाटसुद्धा बघत नसे. मुंबईच्या कायदेमंडळाला आम्ही तेव्हा कौन्सिलच म्हणायचो, म्हणून गावानं त्यांचं नाव ठेवलं कौन्सिलनाना. आधी चेष्टेनं म्हणत, मग सवय झाली. पुढे पुढे तर त्यांचं आडनाव काय, हे मला पोस्टमनला विचारावं लागलं असतं.

लग्न होऊन मी कर्जतला आले ती नानांच्या शेजारच्या बिऱ्हाडात. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. मधे कुडाची भिंत, तिच्यातून इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं घासलेट इकडे. म्हणजे वास हो. नानांचा धंदा गॅसबत्त्या भाड्यानं देण्याचा. कर्जतपासून पार खालापुरापर्यंत कुठल्याही गावात लग्न निघालं की आधी भटजी ठरायचा आणि लगेच नानांच्या बत्त्या. बैलगाडीत पेंढा पसरायचा, त्यात बत्त्या उभ्या करायच्या, आणि नाना स्वतः त्यांच्यामध्ये बसून निघायचे. बत्ती नुसती पाठवून देणं त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्यानं पंप मारलेला त्यांना खपायचा नाही. कुणी हौशीनं पुढे आलाच तर आतल्या जाळीच्या वातीकडे, म्हणजे मेंटलकडे, बोट दाखवून म्हणायचे, "बाजूला हो रं. मेंटल म्हंजे नवी नवरी हाय, धसमुसळेपना चालत नाय."

दिसायला उंच, किडकिडीत. उजेडाकडे बघून बघून डोळे बारीक झालेले. हाताचा वास कितीही राख लावून धुतला तरी जायचा नाही. काकी, म्हणजे त्यांची बायको, रोज जेवायच्या वेळी ओरडायच्या, "त्या हातानं भातात कालवू नका, मला उलटी येते." आणि नाना रोज त्याच हातानं कालवायचे. पोरबाळ नव्हतं. भांडायला दोघंच, त्यामुळे भांडण पुरवून पुरवून करायचे.

आता हा माणूस निवडणुकीच्या नादाला लागला कसा, ते सांगते. खोपोलीला डोंगराच्या पायथ्याशी वीज तयार होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या तारा मोठाल्या खांबांवरून आमच्या भातखाचरांवरून मुंबईला जायच्या. आगगाडी विजेवर चालायची, स्टेशनात दिवे लागायचे, आणि रूळ ओलांडून आमच्या आळीत आलं की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. नाना बैलगाडीतून लग्नाला जायचे ते त्या तारांच्या खालूनच. एकदा त्यांच्या मनानं घेतलं की हे कुणीतरी विचारायला पाहिजे. कोण विचारणार? जो कौन्सिलात जाईल तो. मग आपणच जाऊ. झालं.

त्यांचं सगळं भाषण म्हणजे एक सवाल. उभं राहायचं, बोट वर करायचं आणि म्हणायचं, "तारा आमच्या डोक्यावरनं जातात, मंग दिवा आमच्या घरात का नाय? येवढंच इचारीन नि परत येईन. मला तिथं ऱ्हायचं नाय." लोक टाळ्या वाजवायचे. भाषण संपलं की नाना तिथेच कुणाची तरी बिघडलेली बत्ती दुरुस्त करत बसायचे.

मी नवी होते तेव्हा एकदा विचारलं होतं, "नाना, घरोघर वीज आली तर तुमच्या बत्त्या कोण नेईल?"

"कोन नाय नेनार."

"मग?"

"मंग काय. झोपंन रातचा. उभा जलम लोकांच्या लग्नात जागून काढलाय, मास्तरनीबाय."

मला हसू आलं होतं. आता येत नाही.

पण नानांची खरी अडचण वेगळीच होती. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर सरकारसारा भरण्याइतकी जमीन असेल त्याला मत, नाहीतर शिकलेल्याला. मी सातवी पास, म्हणून मला मिळालं. आमच्या भागातली निम्म्याहून अधिक माणसं कुळानं जमीन कसणारी. शेत दुसऱ्याच्या नावावर, पाटी-पेन्सिल कधी हातात धरलेली नाही. नानांवर जीव टाकणारी माणसं नेमकी हीच. ज्यांच्या लग्नात फुकट बत्ती लावून दिली, ज्यांच्या मांडवात नवऱ्यामुलाच्या बापाबरोबर कांबळ्यावर लवंडले, ती सगळी. काकी म्हणायच्या, "देवानं ह्यांना माणसं दिली, पण सगळी बिनमताची."

दुसरी मोठी लढाई संपल्यावरच्या निवडणुकीला नानांनी कहर केला. इतर उमेदवार मोटारीतून कर्णे लावून हिंडत होते. नानांपाशी मोटार कुठली? त्यांना लग्नातली रीत तेवढी माहीत. त्यांनी तांदळाला कुंकू लावलं आणि घरोघर अक्षत द्यायला निघाले. उंबऱ्याशी उभं राहायचं, चिमूटभर अक्षता हातावर ठेवायच्या, आणि म्हणायचं, "मताला यायचं बरं का. समद्यांनी." आमच्याकडे अक्षत देताना घर गाळत नाहीत. गाळलं तर त्या घराशी जन्माचं वैर. आणि एकदा अक्षत हातात घेतली की जायला लागतं, मग घरात कितीही अडचण असो. आमचे हे त्यांना म्हणाले, "नाना, ज्यांना मत आहे त्यांनाच द्या. यादी देतो मी तुम्हाला." नाना ह्यांच्याकडे बघतच राहिले. "मास्तर, आवतन देताना असं करतात का? याला बोलावतो नि त्याला नाय? मला परत त्या गावात तोंड दावायचंय."

मतदान आमच्या शाळेत होतं. मी सकाळी लवकर मत देऊन आले. नानांनाच दिलं, ते सांगायला नको. परत निघाले तर रस्त्यानं बैलगाड्यांची रांग. पळसदरीकडून, खालापूरकडून माणसं यायला लागली, आणि कशी, तर लग्नाला येतात तशी. बायकांच्या नाकात नथी, डोक्यात फुलं, पोरांना धुवट कपडे. हातात नारळ, खण, पदरात शेरभर तांदूळ. मताचा आहेर. मी तिथेच उभी राहिले. पुढे काय होणार ते मला दिसत होतं, आणि काय करावं ते कळत नव्हतं.

सगळ्यांच्या पुढे होती बायजा. पळसदरीच्या अलीकडच्या वाडीतली, धिप्पाड बाई, आवाज असा की पलीकडच्या शेतातला बैल थांबेल. ती सरळ आत गेली. टेबलामागच्या साहेबानं यादी बघितली आणि सांगितलं, तुझं नाव नाही. बायजानं पदराची गाठ सोडली आणि त्यातल्या अक्षता त्याच्या टेबलावर ठेवल्या. "आमाला बोलावलंय," ती म्हणाली. साहेब आधी हसला, मग शिपायाला हाक मारली. बायजा बाहेर आली ती कुणाशी बोलेना. मग दुसरा गेला, तिसरा गेला. हळूहळू सगळे शाळेसमोरच्या चिंचेखाली जाऊन बसले. कुणी भांडलं नाही. लग्नघरी येऊन दारातून परत फिरवलेल्या माणसांनी काय बोलायचं?

नाना धावत आले. त्यांनी ती माणसं बघितली, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. चिंचेखाली जाऊन, टोपी काढून म्हणाले, "चूक माजी हाय. तुमाला मत नाय, हे मला ठावं होतं. पन तुमाला सोडून अक्षत कशी वाटू?"

म्हातारा एकजण म्हणाला, "मंग आता आमी जायाचं का?"

तोवर काकी आल्या. निवडणुकीचं नाव काढलं की फणकारणाऱ्या काकी. मला वाटलं आता नानांना सगळ्यांसमोर धारेवर धरणार. त्यांनी एकदा गर्दीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "तुझा मोठा टोप काढ. अक्षत देऊन बोलावलेलं माणूस उपाशी परत जाता कामा नये." त्या लोकांनी आहेरात आणलेलेच तांदूळ आम्ही शिजवले. वर कुळथाचं पिठलं. तिकडे शाळेत दुसऱ्यांना मतं पडत होती आणि इकडे नाना पंगतीत वाढत फिरत होते, "घे रं, लाजतोस काय." बायजा शेवटी जेवली. जाताना तिनं काकींची ओटी भरली, खण-नारळ दिला. परत नेला नाही.

निकाल लागला तेव्हा नानांना पडलेली मतं आमच्या आळीतल्या शहाण्यांनी कितीतरी दिवस पुरवून चघळली. अनामत गेली ती गेलीच. निवडून आला तो पक्षाचा माणूस, पांढऱ्या टोपीतला, स्वभावानं बरा. त्याची मिरवणूक दिवेलागणीला निघायची होती, आणि मिरवणुकीला बत्त्या पाहिजेत. बत्त्या कुणाकडे? नानांकडे. दोन कार्यकर्ते दारात येऊन उभे राहिले, पण बोलायचा धीर होईना. नाना आतून म्हणाले, "किती पायजेत?" काकी आतल्या दाराशी आडव्या झाल्या. "आज नाही जायचं. तुमच्याच पराभवाला उजेड धरणार का?" नाना म्हणाले, "अगं, काळोखात मानसं ठेचकाळतील," आणि गेले.

मिरवणूक आमच्या दारावरून गेली. सगळ्यांत पुढे नाना, एका हातात बत्ती, मधूनच खाली ठेवून पंप मारायचे. निवडून आलेला माणूस ओशाळा झाला होता. हारातून तोंड बाहेर काढून तो म्हणाला, "नाना, वाईट वाटून घेऊ नका."

"बाजूला सरा," नाना म्हणाले, "काच तापलीय."

काकी त्यानंतर कितीतरी दिवस नानांशी बोलल्या नाहीत. भिंतीपलीकडून भांडणही ऐकू येईना, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

मग स्वातंत्र्य आलं. आणि त्याच्या मागोमाग बातमी आली की आता जी निवडणूक होईल तिच्यात सगळ्यांना मत. जमीन असो-नसो, शिकलेला असो-नसो, बाई असो, बुवा असो. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. "समद्यांना?" "सगळ्यांना, नाना." "बायजाला पन?" "बायजालासुद्धा." नाना उठून आत गेले. काकी नंतर मला म्हणाल्या, "रडत होते गं. मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघितलं."

पण तोवर खोकला लागला होता. आधी आम्ही म्हणालो, घासलेटाचा धूर. मग रुमालात लाल दिसायला लागलं. नाना डॉक्टरकडे गेले आणि त्यांनी दुखण्याचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की निवडणूक कधी आहे. डॉक्टर म्हणाला, मला काय माहीत, अजून घटना तयार व्हायचीय, वर्ष लागेल, दोन लागतील. नाना म्हणाले, "तवर चालवा मला. म्होरं तुमाला तरास नाय देनार." निवडून यायची गोष्ट त्यांनी सोडलीच होती. त्यांना एवढंच बघायचं होतं की चिंचेखाली बसलेली माणसं उठून आत जातात, आणि साहेब त्यांना कागद देतो. मला हे त्यांनी एकदा बोलून दाखवलं होतं. "येकदा आत गेलेली बघीन, मंग मेलो तरी चालंल."

मतदारांची नवी यादी करायचं काम मास्तरांवर आलं. आमचे हे गावोगाव हिंडायचे आणि डोकं धरून परत यायचे. बायका नावच सांगत नाहीत. कोण गं तू? तर धर्म्याची आई. नवऱ्याचं नाव काय? तर पदर तोंडात. आणि वरून हुकूम की बाईचं स्वतःचं नाव नसेल तर ती यादीत नाही. नानांनी हे भिंतीतून ऐकलं आणि खोकत खोकत आमच्या दारात आले. "मास्तरनीबाय, तुमी चला. मी पन येतो." काकी नको नको म्हणत होत्या. ऐकतात कुठले.

आम्ही बायजाच्या वाडीत गेलो. अंगणात बायका जमल्या. हे वही घेऊन पुरुषांत बसले, मी बायकांत. बायजा आपली एकच धरून बसली, "धर्म्याची आय लिवा." नाना भिंतीला टेकून बसले होते, दम लागला होता. ते म्हणाले, "तुज्या लग्नात बत्ती माजीच होती, बायजे. तवा नाव घेतलंस ना उखाण्यात? मांडव भरला होता, तवा लाजली नायस, आनि आता मास्तरनीसमोर लाजतेस?" बायका हसल्या. एकीनं दुसरीला ढोसलं. बायजानं मान खाली घातली आणि भातलावणीचा उखाणा एका दमात म्हणून टाकला,

"आवणाच्या दिसात चिखलात पाय,
सखारामाचं नाव घ्यायला लाजायचं काय."

मी लिहिलं, सखाराम. "आणि तुझं?" सासरी तिचं नाव बदललेलं, पण त्या नावानं तिला कुणी कधी हाक मारली नव्हती, सासूलाही ते आठवेना. बायजानं पदर सावरला. मग म्हणाली, "बायजाच लिवा. माज्या बानं ठेवलेलं हाय." त्यानंतर रांग लागली. एकेक उखाणा, एकेक नाव. नाना डोळे मिटून ऐकत होते. मधेच कुणी अडखळली की डोळे न उघडता म्हणायचे, "घे गं, घे. सरकार ऐकतंय." असं आम्ही आणखी काही वाड्यांतून केलं. मग त्यांना गाडीत बसवेना.

आमच्या आळीची यादी शेवटी झाली. मी काकींकडे गेले. त्यांनी उखाणा घेतला नाही, नानांचं नाव सरळ सांगितलं आणि म्हणाल्या, "ह्यांचं आधी लिही. माझं नंतर." मी लिहिलं. काकींनी हळूच विचारलं, "ते असेपर्यंत होईल का गं निवडणूक?" आत नाना खोकत होते. मी वही मिटून निघाले. घरी येऊन खूप रडले.

नानांना शेवटचं बघितलं ते कर्जतच्या स्टेशनात. पुण्याच्या इस्पितळात न्यायचं ठरलं होतं. बातमी कशी पसरली कोण जाणे, प्लॅटफॉर्मवर वाड्यांची माणसं येऊन उभी होती. ह्या वेळी कुणी नटलं नव्हतं. नानांना डब्यात खिडकीपाशी बसवलं, शेजारी काकी. एवढासा झाला होता माणूस. प्रत्येकाला एकच विचारत होते, "नाव हाय ना यादीत?" प्रत्येकजण मान हलवत होता.

बायजा खिडकीचे गज धरून उभी राहिली. "नाव हाय," ती म्हणाली. "मास्तरनीनं दोनदा वाचून दावलंय. मत तुलाच देनार, नाना."

"मी नसलो तर?"

बायजानं असा विचार केलाच नव्हता. मग म्हणाली, "मंग कुनाला द्यायाचं, ते सांगून ठेव. तू सांगशील त्याला देऊ. समदी वाडी देईल."

नाना तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं हा माणूस दारोदार स्वतःसाठी मत मागत हिंडला होता. आता सगळी वाडी हातात आली होती, आणि द्यायची कुणाला एवढंच विचारत होती. मला वाटलं, सांगतील एखादं नाव. शिट्टी झाली.

"ते मी नाय सांगनार," नाना म्हणाले.

"आं? मंग त्या टोपीवाल्याला देऊ?"

"दे की. मानूस वाईट नाय." खोकला आला, काकींनी पाठ धरली. तो थांबल्यावर नाना म्हणाले, "पन मी सांगितलं म्हनून देऊ नको. तुजं तू ठरव, बाय. ते तुजं हाय."

गाडी हलली. काकींनी आमच्याकडे बघून हात जोडले. नाना आमच्याकडे बघत नव्हते, ते बायजाकडेच बघत होते. पुण्याहून ते परत आले नाहीत. निवडणुकीला तेव्हा अजून खूप अवकाश होता.

पण त्या दिवशी गाडी पळसदरीकडे दिसेनाशी झाली तरी बायजा हलेना. मी तिचा हात धरला तर तिनं तो झटकला. भयंकर रागावली होती. "इतकी वरसं मला दे, मला दे म्हनून हिंडला," ती म्हणाली, "आनि आता माज्यापाशी हाय, तर सांगत नाय. आता मी कुनाला इचारू?" तिथेच प्लॅटफॉर्मवर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मीही तिच्याशेजारी बसले.